पुलावरचं बिऱ्हाड

इनेसाबाईंच्या नवऱ्याची पँट काळ्या मोटारीतून येते. मागच्या सीटवर एकटी, कडक इस्त्रीत, पुढे ड्रायव्हर. वाके या श्रीमंतांच्या भागातून आमच्या पठारावर यायला डोंगराच्या कडेने चांगली पायवाट आहे; एखादी शेळीसुद्धा तोंडातला घास संपायच्या आत वर पोहोचेल. पण वाकेतली पँट पायवाटेने कशी येणार? ती आधी खाली मोठ्या रस्त्याला लागते, चौकात अडकते, डोंगराला अख्खी प्रदक्षिणा घालते आणि एकदाची आमच्या पहिल्या इमारतीच्या पायथ्याशी येऊन हॉर्न वाजवते. मग ड्रायव्हर लिफ्टच्या भाड्याच्या डब्यात नाणं टाकतो, चौदाव्या मजल्यावर उतरतो आणि झुझुनामावशीच्या खिडकीत पँट ठेवून म्हणतो, "बाईसाहेबांनी सांगितलंय, दोन बोटं आखूड."

"मागच्या खेपेलाही दोन बोटंच," मावशी पँट उलटी करून बघत म्हणते. "साहेब दिवसेंदिवस जमिनीत चाललेत की काय?"

"मला काय ठाऊक मावशी. ते गाडीतून उतरताना मी कधी बघितलेच नाहीत. दार उघडतो तेव्हा मी खाली मान घालून असतो."

"मग त्यांना पँट हवीच कशाला? कमरेपर्यंतचा सूट शिवून देते, जा सांग."

ड्रायव्हर हसतो, एक कप कॉफी पिऊन जातो. दरवेळी. मोटार खाली चुकीच्या जागी उभी असते, पण मावशीकडची कॉफी नाकारायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

तिबिलिसी शहराच्या या टोकाला डोंगराच्या उतारावर तीन इमारती एकीमागे एक उभ्या आहेत, फोटोसाठी बसवलेल्या नातेवाइकांसारख्या: पहिली पुढे बसलेली, दुसरी तिच्या खांद्यावरून डोकावणारी, तिसरी पार मागे टाचा उंचावून. तिघींना हवेतल्या पुलांनी जोडलंय. खालच्या मोठ्या रस्त्यावरून वरच्या गल्लीत जायचं तर डोंगर चढायचा नाही. पहिल्या इमारतीची लिफ्ट धरायची, चौदाव्या मजल्यावर बाहेर पडायचं, पूल ओलांडायचा, दुसऱ्या इमारतीच्या पोटातून जायचं, पुन्हा पूल, पुन्हा पोट, की वरच्या गल्लीत पाय. त्यामुळे आमचा चौदावा मजला हा मजला नाहीच, तो सरळसरळ रस्ता आहे. आणि त्या रस्त्याला लागून, लिफ्टच्या दारापासून पुलाच्या तोंडापर्यंतच्या जागेत, झुझुनामावशीचं बिऱ्हाड. स्वयंपाकघराची खिडकी थेट वाहतुकीवर.

राचाच्या डोंगरातून लग्न होऊन ती इथे आली तेव्हा इमारती नव्या कोऱ्या होत्या. तिचा नवरा शाल्वा भूगर्भशास्त्रज्ञ. चांगल्या जागा ओळखीपाळखीवाल्यांना मिळाल्या आणि शाल्वा तेव्हा कुठल्यातरी बर्फात दगड फोडत होता, म्हणून त्याच्या वाट्याला हे घर आलं. पहिल्या आठवड्यात मावशी रडली. "घर दिलंय की स्टेशन? भांडी घासताना सुद्धा लोक 'नमस्कार' करतात!" दुसऱ्या आठवड्यात तिने खिडकीत जिरेनियमची कुंडी ठेवली. तिसऱ्या आठवड्यात कुणाचं तरी कोटाचं बटण नेमकं त्या कुंडीसमोर तुटलं, मावशीने आतून सुई-दोरा काढला, आणि तिथून जे सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही. सकाळी खाली जाताना लोक खिडकीत पँट, झगे, फाटके खिसे टाकतात, संध्याकाळी परतताना उचलतात. मावशीला कामाला जायला एक पाऊल टाकावं लागत नाही. काम तिच्याकडे चालत येतं, इनेसाबाईंचं तर मोटारीने येतं.

शाल्वाचं उलट. तो ज्या गावांना जायचा त्यांची नावं उच्चारताना जीभ मुरगळायची. महिनोन्‌महिने गेला की दाढी वाढवून, खिशात दगड भरून परत यायचा.

"कुठवर गेला होतास रे?"

"अगं, नकाशा संपतो ना, त्याच्या थोडं अलीकडे."

"आणि भेटलं कोण?"

"एक अस्वल. तेसुद्धा लांबूनच."

"बघ! मी पुलाच्या त्या टोकापर्यंत मीठ मागायला गेले तर गुलिकोच्या सुनेला दिवस गेलेत हे कळलं, तळमजल्यावरच्या रोटीच्या भटारखान्यात नवा माणूस आलाय आणि तो चोखंदळ आहे हे कळलं, आणि ओतियाने बायकोशी अबोला धरलाय हेही कळलं. तुला सरकार उगाच भत्ता देतं."

शाल्वा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याचे दगड खिडकीत ओळीने मांडलेले आहेत. मावशी त्यांचा उपयोग कापड दाबून धरायला करते. शेजारी कुणी हळहळलं की म्हणते, "त्याने जगभर फिरून आणले ते माझ्या पँटी उडू नयेत म्हणून. नवरा असावा तर असा."

आता मुद्द्यावर येऊ. मावशीला एकच मुलगी, तेओना. हुशार पोर, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिने दिघोमीला नवं घर घेतलंय. तिथल्या संकुलाला फाटक आहे, फाटकाला पहारेकरी आहे, पहारेकऱ्याला टोपी आहे. खालीच दुकान, खालीच दवाखाना, खालीच व्यायामशाळा. पायाला धूळ लागू नये अशी सगळी व्यवस्था. तरी तेओना व्यायामाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाते, कारण बँकेतले वरचे लोक तिथल्या यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालतात. म्हणजे चालण्यासाठी ती तासभर मोटारीत बसते, एकाच जागी फिरणाऱ्या पट्ट्यावर चालते, आणि तासभर मोटारीत बसून घरी येते. मावशीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला नाही, पण सुई मात्र बोटात खुपसून घेतली.

मागच्या हिवाळ्यात मावशीला ताप आला आणि नेमकी तेव्हाच लिफ्ट बंद पडली. तेओनाने फोन केला, आईचा आवाज घोगरा. ती बँकेतून तशीच निघाली, खालच्या रस्त्यावर मोटार सोडली आणि उंच टाचांचे बूट हातात घेऊन चौदा मजले चढली. वर पोहोचली तेव्हा आईपेक्षा तीच जास्त आजारी दिसत होती. आईच्या पलंगाशी बसून रडली. "मी पोहोचायच्या आत तुला काही झालं असतं तर? हे घर विकू या. माझ्याकडे चल. तुझी खोली तयार आहे, खिडकीतून डोंगर दिसतो."

आईच्या तापलेल्या डोक्याला लेकीचे अश्रू बघवेनात. ती म्हणाली, "बरं. दिला शब्द."

आणि झुझुनामावशी शब्द देते तेव्हा तो शिवलेल्या शिवणीसारखा असतो, उसवायचा म्हटला तर कापडच फाटतं. घर शाल्वाने मुलीच्या नावावर केलेलं, त्यामुळे कागदोपत्रीही अडचण नव्हती. अडचण एकच होती: पठारावर बातमी पोहोचली तेव्हा सगळ्यांचे चेहरे भटारखाना बंद झाल्यासारखे झाले. जो तो खिडकीशी थांबून उगाच बटणं चाचपायला लागला.

विकण्याआधी सवय व्हावी म्हणून तेओनाने आईला पंधरवडाभर दिघोमीला नेलं. मावशी शहाण्यासारखी राहिली. तक्रार एका शब्दाची नाही. सकाळी तेओना बँकेत गेली की मावशी खाली उतरे. फाटकावरचा टोपीवाला विचारी, "आजी, कुणाकडे आला होता?" मावशी सांगे, "माझ्या मुलीकडे." परत येताना तो पुन्हा विचारी, "कुणाकडे जायचंय?" दुसऱ्या दिवशी तेच. मावशीच्या आयुष्यात तिला कुणी 'कोण तुम्ही' म्हणून विचारण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही रोज दोनदा.

एका संध्याकाळी तेओना जेवायला बसली, तुकडा मोडला आणि तिचा हात थबकला. तंदूरमधली लांबोडी, दोन्हीकडे टोकं असलेली रोटी. अजून कोमट.

"आई, ही कुठून आणली?"

"खालून."

"खालच्या दुकानात प्लास्टिकमधले पाव असतात."

"जरा पुढून मग."

"किती पुढून?"

मावशीने भाजीत मीठ आहे का ते बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. मग म्हणाली, "आमच्या तळमजल्यावरून."

झालं होतं असं की दुसऱ्याच दिवसापासून ती रोज मिनीबस धरून, मग ती बदलून, मग दुसरी धरून, पुन्हा आपल्या लिफ्टमध्ये नाणं टाकून वर जात होती. खिडकी उघडायची, दिवसभर शिवायचं, निघताना भटारखान्यातली रोटी ओढणीत गुंडाळायची आणि तेओना यायच्या आत दिघोमीला हजर. जी बाई जन्मात कामाला एक पाऊल चालली नव्हती तिला आता खिडकीशी पोहोचायला अर्धं शहर पालथं घालावं लागत होतं.

तेओना आधी हसली. मग उठून बाल्कनीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही. आईने लपूनछपून निघून जावं इतकं आपलं घर तिला परकं वाटतं, ही गोष्ट तिला लागली होती. दुसऱ्या दिवशी तिने आईला पठारावर आणून सोडलं, पण दलालाला फोनही केला. "आई, एकदा सवय मोडली की दुसरी लागते. गिऱ्हाईक मिळेपर्यंत राहा इथे."

गिऱ्हाईक सप्टेंबरअखेर मिळालं. तेओनाने आईला बजावून ठेवलं, "हे बघ, ते घर बघायला येतायत, पाहुणे म्हणून नाही. टेबल मांडायचं नाही. व्यवहार आहे हा."

"वेडी का मी? साधी कॉफी."

"फक्त कॉफी?"

"फक्त कॉफी."

आता तुम्हीच सांगा, माणूस दारात आल्यावर नुसती कॉफी द्यायची? कॉफीबरोबर अक्रोडाची मिठाई आली, कारण ती डब्यात होतीच. मिठाई गोड, म्हणून चीज आलं. चीज आलं म्हणजे त्याला काहीतरी लागणार, म्हणून चीज भरलेली रोटी, म्हणजे खाचापुरी आली, चुलीवरून थेट, वरचं चीज अजून फुगे सोडणारं. खाचापुरीचा वास पुलावर गेला. शेजारची गुलिको तिचा पालक-अक्रोडाचा वाडगा घेऊन आली, "सहज आले." ओतियाकाका वाईनची सुरई घेऊन आले, "मी तर फक्त चाकू परत द्यायला आलो." त्यांच्या हातात चाकू नव्हता.

ओतियाकाका म्हणजे जन्मभर ट्रॉलीबस चालवलेला माणूस. शहरात सगळ्यात लांबचा मार्ग त्यांचा. तारांना लटकून त्यांनी पृथ्वीला किती फेऱ्या होतील तेवढं अंतर कापलं, आणि निवृत्त झाल्यापासून पुलावरच्या बाकाच्या पलीकडे गेलेले नाहीत. म्हणतात, "माझा चालण्याचा कोटा बसून संपला."

दार वाजलं तेव्हा मावशीने ॲप्रन काढला, केस सारखे केले आणि मन घट्ट केलं. घर घ्यायला येणारा माणूस तिने मनात रंगवून ठेवला होता: सोन्याचं घड्याळ, भिंतीला बोटाने टकटक करून बघणारा, जिरेनियमची कुंडी बाजूला सारणारा. असा माणूस असता तर राग तरी धरता आला असता.

दारात उभा होता बादरी, द्राक्षमळ्यांच्या काखेतीतला चांगला धिप्पाड गडी, हातात द्राक्षांची टोपली, कारण रिकाम्या हाताने घर बघायला यायचं त्यालाही जमलं नव्हतं. आणि त्याच्या मागे त्याची बायको. बायकोने आधी मावशीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग कुंडीकडे. तिचा चेहरा पडला.

"मावशी? हे… हे तुमचं घर आहे?"

मावशीने तिला ओळखलं. वरच्या गल्लीतल्या बालवाडीत ही बाई स्वयंपाक करते. मारेखी नाव. रोज पहाटे उजाडायच्या आधी, डोळे अर्धे मिटलेले, पिशवीतून ॲप्रनची नाडी लोंबतेय, अशी ती खिडकीवरून जाते. शहराच्या पार दुसऱ्या कडेला लिलोला राहते. मिनीबस, मग मेट्रो पार या टोकापर्यंत, मग पुन्हा मिनीबस, मग लिफ्ट, मग पूल. मुलांची लापशी वेळेवर शिजावी म्हणून ती अशा वेळी उठते की तिच्या कोंबड्यालाही ती उठवते. मावशीने एकदा तिची फाटलेली बाही उभ्या उभ्या शिवून दिली होती, बाही अंगात असताना.

"दलालाने फक्त मजला सांगितला," मारेखी पुटपुटली. "मागच्या बाजूचं कुठलं तरी असेल वाटलं. तुमचं असेल असं… बादरी, चल आपण जाऊ."

"जाऊ काय, बसा!" मावशी म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मोठा आला. "द्राक्षं दारात ठेवून कुणी जातं का? बस गं. आणि तू रे, डोकं सांभाळ, दाराची चौकट बुटकी आहे, शाल्वाने चाळीस वर्षं शिव्या दिल्या तिला."

मनातल्या मनात मात्र ती हिशेब करायला लागली. हिला नको कसं म्हणायचं? ही इथे आली तर पहाटेची दोन तासांची झोप तिला मिळेल. घर द्यायचंच तर हिच्यासारख्या बाईला द्यावं. आणि तरीही. तिने दगडांच्या ओळीकडे बघितलं आणि खाचापुरी कापायला घेतली.

तेओना ऑफिसच्या कपड्यांत आली तेव्हा टेबल इकडून तिकडे भरलेलं होतं आणि ओतियाकाका मानाच्या जागी बसलेले. ती दारातच थांबली. "आई!"

"कॉफी दिली," मावशी म्हणाली. "विचार त्यांना."

"दिली, दिली," बादरी तोंड भरलेलं असताना म्हणाला. "फार छान होती."

काका तमादा झाले होते. त्यांना कुणी नेमलं नाही. सुरई ज्याची आणि वय ज्याचं सगळ्यात जास्त, त्याने दर प्याल्याआधी दोन शब्द बोलून मेजवानी चालवायची, हे ठरलेलंच. पहिला प्याला शांततेचा. दुसरा गेलेल्यांचा, सगळे उठून उभे राहिले, रोटीच्या तुकड्यावर वाईनचा थेंब सांडला, आणि मावशीने शाल्वाचं नाव घेतलं. तेओनाने घड्याळ बघणं तोवर सोडून दिलं होतं. तिला कळलं होतं की आता हा व्यवहार राहिलेला नाही, आणि प्याल्यांच्या मध्येच उठणं म्हणजे आईच्या घराचा अपमान.

तिसऱ्या प्याल्याला काका उभे राहिले. प्याला हातात फिरवत म्हणाले, "हा प्याला चुलीचा. या चुलीचा. या खिडकीतून मला पहिली सुई मिळाली, बायकोशी भांडण मिटवायचा पहिला सल्ला मिळाला, आणि एकदा, बायकोने खरंच हाकललं तेव्हा, रात्रीचं जेवणसुद्धा. ज्या हाताने इथे दिवा लागतो तो हात…" काका जरा थांबले, घसा खाकरला, "…आता पुढचं माझ्याने होत नाही. बादरी, तू काखेतीचा. तुमच्याकडे बोलणं वाईनबरोबरच उपजतं. तुझ्याकडे सोपवतो."

तमादाने शब्द सोपवला की तो पुढे न्यावाच लागतो, मनापासून न्यावा लागतो, आणि शेवटी प्याला तळापर्यंत रिकामा करावा लागतो. एकदा प्यायलेला शब्द परत घेता येत नाही. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. बादरी उठला. धिप्पाड गडी, डोळे आधीच पाणावलेले, वाईन चांगली, खाचापुरी त्याहून चांगली. तो त्या घरात का आला होता हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

"माझी आई गावाला असंच खिडकीत बसायची," तो म्हणाला. "ती गेली आणि घर बंद झालं, तेव्हापासून मी तिकडे गेलोच नाही. म्हणून मी सांगतो: या घराचा दिवा याच हाताने लागो! ही कुंडी याच खिडकीत फुलो! या मावशीच्या उंबऱ्यावर दुसऱ्या कुणाच्या मालकीचं पाऊल कधी न पडो! आणि जो कुणी तिला इथून हलवायला येईल त्याची वाईन पिंपातच आंबट होवो!"

आणि त्याने प्याला उलटा केला. शेवटचा थेंबही राहिला नाही.

पुलावरून कुणीतरी चपला फटफटवत गेलं तेवढाच काय तो आवाज. मारेखीने हळूच हात तोंडावर ठेवला. गुलिकोची नजर टेबलावर खिळली. ओतियाकाका छताकडे बघत होते, ट्रॉलीची तार सुटली की बघायचे तसे.

बादरी खाली बसला. मग त्याच्या लक्षात आलं.

"अरे बापरे," तो म्हणाला. "तो मीच की."

पहिली हसली मारेखी. तोंडावरच्या हातामागून आवाज फुटला आणि मग तिला थांबवताच येईना. हसता हसता ती रडायला लागली, की रडता रडता हसायला, ते तिलाही सांगता आलं नसतं. "आमची पिंपं! बादरी, अरे, अंगणातली आमची यंदाची सगळी पिंपं!"

"मी नाही घेऊ शकत हे घर," बादरी तेओनाला म्हणाला. तो खरंच घामाघूम झाला होता. "ताई, माफ करा. मी प्यायलोय त्यावर."

तेओनाच्या कपाळाची शीर उडत होती. "काका, हे तुम्ही मुद्दाम केलंत!"

"मी?" काकांनी छातीवर हात ठेवला. "मी तर बोलूच शकलो नाही. साक्षीदार आहेत सगळे."

तेओना उठून आतल्या खोलीत गेली. मावशी तिच्या मागे. आतून दार लावलं, तरी तिथलं दार कधी धड लागतच नाही हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं, त्यामुळे बाहेर सगळ्यांनी कान टवकारले.

"तुला माझ्याकडे यायचंच नव्हतं," तेओना म्हणाली. "तसं सांगायचंस."

"शब्द दिला होता. आजही म्हणशील तर बॅग भरते. दुसरं गिऱ्हाईक शोध, मी त्याला नुसती कॉफी देईन. खरंच नुसती. गुलिकोला कुलूप लावून ठेवते."

तेओना हसली नाही. "मला भीती वाटते, आई. तेव्हा तीन दिवस लिफ्ट बंद, तू एकटी…"

"एकटी?" मावशीने तिच्याकडे बघितलं. "कुणी सांगितलं तुला एकटी? गुलिको सकाळ-संध्याकाळ सूप घेऊन येत होती. ओतिया वरच्या गल्लीतून औषध घेऊन आला. दुसऱ्या इमारतीतली डॉक्टरीण रोज रात्री पुलावरून येऊन ताप बघून जायची. लिफ्ट खालून बंद होती, पोरी. पूल कुठे बंद होता? तू एवढी चौदा मजले चढलीस, वरच्या गल्लीतून आली असतीस तर सपाटीने आली असतीस."

तेओनाने डोळे पुसले. "वरच्या गल्लीत माझी गाडी वळत नाही."

"हो ना. गाडी वळत नाही." मावशीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तू लहानपणी रोज त्याच गल्लीतून शाळेत जायचीस. उशीर झाला म्हणून मार खायचीस, कारण दोन पूल ओलांडायला तुला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. प्रत्येक दारात थांबायचीस."

बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. तेओनाचं काजळ पसरलं होतं. ती बादरीच्या शेजारी बसली, त्याचा प्याला भरला आणि म्हणाली, "तुमची पिंपं वाचली. आई कुठेही जात नाही."

तेवढ्यात मावशीने मारेखीचा हात धरलाही होता. "चल माझ्याबरोबर. खाणं नंतर." दोघी पूल ओलांडून गेल्या. दुसऱ्या इमारतीत, पुलाच्या तोंडाशीच, लामाराचं घर गेल्या उन्हाळ्यापासून बंद होतं. लामारा मुलाकडे कुताइसीला गेलेली, आणि भाड्याने द्यावं की विकावं या घोळात अडकलेली. दलालाला हे ठाऊक नव्हतं. मावशीला ठाऊक होतं, कारण लामाराच्या पडद्यांची शिवण अजून तिच्याकडेच पडून होती. मावशीने तिथूनच लामाराला फोन लावला आणि घोळ मिटवला. कसा मिटवला ते विचारू नका. लामारा अजून सांगते की तिने फक्त 'हॅलो' म्हटलं.

आता मारेखी पहाटे उठत नाही. उजाडल्यावर उठते, एक पूल ओलांडला की बालवाडी. संध्याकाळी उलट्या दिशेने येते, खिडकीशी बसून चिंचेएवढ्या आंबट आलुबुखारांची चटणी चाखवते आणि लिलोच्या मेट्रोत राहून गेलेल्या झोपेचं व्याज वसूल करते, म्हणजे बसल्या बसल्या पेंगते. इनेसाबाईंच्या नवऱ्याची पँट अजून डोंगराला प्रदक्षिणा घालून येते. साहेब अजून दोन बोटं खचलेत.

आणि तेओना? तिने व्यायामशाळा सोडली. बँकेतल्या लोकांना सांगितलं की गुडघा दुखतो. गुडघ्याचं वगैरे काही नाही. संध्याकाळी ती मोटार खूप मागे, वरच्या गल्लीच्या तोंडाशी सोडते आणि चालत येते. पहिला पूल, पहिली दारं. "तेओना, आलीस का गं? आईला हे दे." दुसरी दारं. "तेओना, जरा थांब, हा झगा घेऊन जा, बाह्या सैल करायच्यात म्हणावं." खिडकीशी पोहोचेपर्यंत तिच्या एका हातात बरणी, दुसऱ्या हातात कुणाचा तरी कोट, खांद्यावर पँट, आणि ऑफिसचे बूट पिशवीत.

"उशीर केलास," मावशी सुईवरून नजर न काढता म्हणते.

"अडकले होते गं गर्दीत."

"कुठे?"

"पुलावर."

मावशी मान डोलावते आणि कॉफी चढवते.